वतन नसलेली लेखणी

1518 साली अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहानं पाथरी जिंकली. त्या वेळी पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. पाथरीला किल्ल्यांची साखळी नव्हती, बंदर नव्हतं, हिऱ्यांची खाण नव्हती. मग एका सुलतानाला या गावाचा एवढा ध्यास का?

फेरिश्ता या इतिहासकारानं याचं जे कारण दिलंय ते मला फार आवडतं. निजामशाहीच्या संस्थापकाचा बाप मलिक हसन हा जन्मानं ब्राह्मण होता. त्याचं नाव तिमाभट, वडिलांचं नाव भैरव, आणि घराणं पाथरीच्या कुलकर्ण्यांचं. तो विजयनगरच्या बाजूला असताना बहमनी सैन्याच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि चढत चढत वजीर झाला. पुढे त्याच्या वंशजांचं राज्य आलं, तेव्हा पाथरीचे भाऊबंद आपल्या वतनाचं गाऱ्हाणं घेऊन अहमदनगरला गेले. बुऱ्हाणनं इमादशहाकडे पाथरी मागितली आणि बदल्यात जास्त उत्पन्नाचा दुसरा परगणा देऊ केला. इमादशहानं नकार दिला आणि लढाई झाली.

कुलकर्णी म्हणजे गावाचं दप्तर लिहिणारा. थोडक्यात, लिहिणाऱ्याच्या वतनासाठी दोन सुलतान एकमेकांना भिडले.

मी याच पाथरीत राहते आणि इतरांनी लिहिलेलं वाचून, तपासून, नीट करून जगते. कादंबऱ्या, आत्मचरित्रं, अनुवाद, संस्थांचे अहवाल, कधी एखाद्या निवृत्त शिक्षकांचा कवितासंग्रह. फाइल व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर येते आणि काम झालं की तशीच परत जाते. याला सुटसुटीत नाव आहे, फ्रीलान्स संपादक. पण लग्नकार्यात मामा-मावशांना हे समजावताना घाम फुटतो. त्यांचा प्रश्न एकच असतो : 'पण पर्मनंट काय?' पाचशे वर्षांपूर्वीच्या भाषेत सांगायचं, तर त्यांना वतनाबद्दल विचारायचं असतं.

हा प्रश्न फालतू नाही. वतन म्हणजे फक्त पैसा नव्हे. आपल्या कामाला गावानं दिलेली ती मान्यता असते. ती नसताना या कामात आयुष्य घालवावं का? शब्द नवा असला, तरी हे काम मराठीत निदान सातशे वर्षं चाललंय आणि त्यातलं मोठं काम वतन नसलेल्या माणसांनी केलंय. म्हणून उत्तरासाठी मी त्यांच्याकडे पाहते.

कोणी सांगितलं, ते लिहून ठेवा

तेराव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत वऱ्हाडातल्या रिद्धपूरला एक माणूस आठवणी गोळा करत होता. त्याचं नाव म्हाइंभट. चक्रधरस्वामी निघून गेले होते. त्यांना पाहिलेली, त्यांच्याबरोबर चाललेली, त्यांच्या पंगतीला बसलेली माणसं अजून हयात होती. म्हाइंभटानं त्यांच्याकडून एकेक प्रसंग मिळवला, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतला आणि 'लीळाचरित्र' उभं केलं. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ म्हणजे खरं तर एक प्रचंड संपादनकाम आहे. लेखकाला स्वतःचं काही सांगायचं नाही. दुसऱ्यांनी पाहिलेलं, ऐकलेलं, त्यांच्याच बोलण्याच्या धाटणीत त्याला टिकवायचंय.

पुढे जे घडलं ते प्रत्येक संपादकाच्या अंगावर काटा आणणारं आहे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या धामधुमीत मूळ प्रत नष्ट झाली. मग ज्यांना ती पाठ होती त्यांनी आठवून आठवून ती पुन्हा सांगितली. साहजिकच एकाचं सांगणं दुसऱ्याशी तंतोतंत जुळेना. त्यातला एक पाठ हिराइसा या स्त्रीच्या नावानं ओळखला जातो. महानुभावांनी यातला एकच पाठ खरा ठरवून बाकीचे बुडवले नाहीत. वेगळी माहिती मिळाली तर ती वेगळी म्हणूनच नोंदवली. 'लीळाचरित्र' वाचताना मध्येच 'शोधु' असा शब्द येतो आणि त्याच प्रसंगाची निराळी हकिकत मिळते. लॅपटॉपवर ट्रॅक चेंजेस चालू करून दोघातिघांच्या दुरुस्त्या शेजारी शेजारी ठेवतो, तसलाच हा प्रकार, फक्त सातशे वर्षं जुना.

पाथरीकरांना या शिस्तीची किंमत वेगळी सांगावी लागू नये. तुम्ही आमच्या गावाचं नाव ऐकलं असेल, तर बहुधा जानेवारी 2020 मध्ये. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी 100 कोटींची घोषणा केली आणि 19 जानेवारीला शिर्डीनं बंद पाळला. शिर्डीकरांचं म्हणणं असं की बाबांनी स्वतःचा गाव, जात, कूळ कधी सांगितलंच नाही. पाथरीकर परंपरेचा आणि काही चरित्रकारांचा हवाला देतात. त्या आठवड्यात माझ्या फोनवर शंभर फॉरवर्ड आले असतील. सगळे छातीठोक होते आणि 'हे कोणी, कुठे, कधी सांगितलं' एवढं एकातही नव्हतं. गावाच्या अभिमानापुढे हे बारकं वाटतं, पण संपादकाचं निम्मं काम तेवढंच आहे. दोन पाठ असतील तर दोन्ही ठेवायचे आणि प्रत्येकापुढे सांगणाऱ्याचं नाव लिहायचं. अगदी निजामशहांच्या 'बहिरी' या उपनावाचेही दोन पाठ आहेत. एक सांगतो की ते 'भैरव'चा अपभ्रंश आहे, दुसरा सांगतो की बहिरी ससाण्यांवरून आलं. एक खोडून दुसरा ठेवायचा मोह होतो, कारण एकच गोष्ट सांगायला सोपी असते. वाचकाला मात्र दोन्ही कळायचा हक्क असतो.

आपली ओवी घालू नका

आमच्या तालुक्याच्या कडेनं, ढालेगावच्या बंधाऱ्यापाशी जी गोदावरी दिसते, ती वर पैठणहून येते. त्या पैठणात 1584 साली, म्हणजे शके 1506 मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली.

प्रश्न काय होता ते पाहा. ज्ञानेश्वरी 1290 ची. मधली 294 वर्षं ती हातानं उतरवली जात होती. कोणाला जुना शब्द कळला नाही, त्यानं ओळखीचा घातला. कोणाची ओळ सुटली. कोणाला वाटलं इथे एक दृष्टांत हवा, त्यानं स्वतः ओवी रचून घुसवली. सगळे भक्त होते, बिघडवायचा हेतू कोणाचाच नव्हता. पुस्तकं शत्रूंपेक्षा अशा प्रेमळ हातांनीच जास्त बिघडतात, हे मला रोज दिसतं. श्रीलिपीतली जुनी फाइल युनिकोडमध्ये आणली की जोडाक्षरं तुटतात. मग कोणीतरी चांगल्या मनानं ती 'अंदाजानं' जोडतो आणि 'सूत'चा 'सुत' होतो, म्हणजे सारथ्याचा मुलगा होतो.

नाथांनी पाठांतरामुळे आलेली अशुद्धं काढली. तेही थोर कवी होते, भागवताच्या एकादश स्कंधावरचं त्यांचं भाष्य वारकऱ्यांना प्राणप्रिय आहे. आपल्या ओव्या ज्ञानेश्वरीत खपून जातील, हे त्यांना कळत नसेल का? तरी त्यांनी शेवटी आपल्या नावानं पाच ओव्या जोडल्या, त्या मजकुराबाहेर. त्यांत वर्ष सांगितलं, काय केलं ते सांगितलं आणि एक ताकीद दिली : यात जो स्वतःची ओवी घालेल, त्यानं अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवली असं समजा. मला ही मराठीतली पहिली संपादकीय टीप वाटते. कामाची तारीख, कामाचं स्वरूप, करणाऱ्याचं नाव आणि लक्ष्मणरेषा, सगळं तिच्यात आहे.

संपादन शिकू पाहणारी मुलं मला विचारतात की व्याकरण कुठून सुरू करू. व्याकरण लागतंच. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक 18 नियम आहेत, 1962 चे 14 आणि 1972 चे 4. ते महिन्याभरात डोक्यात बसतात. करवंटी ओळखायला मात्र वर्षं जातात. लेखिकेनं बीडच्या बोलीत लिहिलेला संवाद पुणेरी करणं ही करवंटी. तिनं मुद्दाम तुटक ठेवलेलं वाक्य गुळगुळीत करणं हीही करवंटीच. आपल्याला जे सुंदर सुचलं ते तिच्या पानावर ठेवावंसं वाटणं हा या धंद्यातला सगळ्यात गोड मोह, आणि ज्याला तो आवरत नाही त्यानं स्वतःचं पुस्तक लिहावं.

नाथांबद्दल एक कथा घरोघर सांगितली जाते. देवगिरीला गुरू जनार्दनस्वामींकडे हिशेब लिहीत असताना एका पैची चूक सापडेना म्हणून ते रात्रभर जागले आणि सापडल्यावर आनंदानं टाळी वाजवली. कथा चरित्रपरंपरेतली आहे, पण ती रचणाऱ्याला या कामाचा आनंद पक्का ठाऊक होता. ती टाळी ज्याला कळते, त्याला हे काम जमतं.

आणखी एक गंमत आहे. 1584 साली पैठण निजामशाहीत होतं. म्हणजे पाथरीच्या कुलकर्णीपणासाठी लढलेल्या घराण्याच्याच राज्यात, दप्तराबाहेरचं हे काम चाललं होतं.

काम मोठं, पण पोटाचं काय?

इथपर्यंत सगळं छान वाटतं. पण म्हाइंभट भिक्षेच्या मार्गाला लागले होते आणि नाथांच्या मागे घर होतं, संप्रदाय होता. आजच्या मुलीला खोलीचं भाडं आणि फोनचं रिचार्ज दोन्ही भरायचं असतं. तिच्या प्रश्नाच्या जवळ जाणारा माणूस तीनशे वर्षांनी येतो, विश्वनाथ काशिनाथ राजवाडे.

राजवाड्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये काही वर्षं शिकवलं, मग नोकरी सोडली आणि पुन्हा धरली नाही. 'भाषांतर' नावाचं मासिक काढलं, ते काही वर्षांत बंद पडलं. तरुणपणीच पत्नी वारली, त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. वाईत त्यांना पानिपतच्या काळातली अस्सल पत्रं सापडली आणि 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. असे 22 खंड झाले. गावोगाव पायी फिरायचं, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं मागायची, कधी हाकलून दिलं जायचं, कधी आपल्याआधी वाळवी पोचलेली असायची. कागद वाण्याकडे पुड्या बांधायला जाण्याआधी तो गाठायचा, अशी ती शर्यत होती. स्वयंपाक हातानं करायचा, गरजा जवळजवळ शून्यावर आणायच्या. लोकांनी दिलेल्या मदतीवर पुढचा खंड छापायचा.

मराठवाड्याशीही त्यांचा धागा आहे. बीडकडच्या पाटांगणात त्यांना ज्ञानेश्वरीची एक पोथी मिळाली. ती नाथांच्या शुद्धीकरणाआधीची आहे असं त्यांनी मांडलं, आणि 1909 साली ती छापली. त्याच वर्षी ज्ञानेश्वरीतल्या मराठीचं व्याकरणही छापलं. त्यांचा मुद्दा असा की नाथांनी शुद्ध करताना भाषा त्यांच्या काळाची केली, आपल्याला त्यामागची भाषा हवी. पोथीच्या वयाबद्दल पुढे विद्वानांनी पुष्कळ वाद घातला. पण एका संपादकानं दुसऱ्या, तेही संतपदाला पोचलेल्या संपादकाचं काम तपासायला घेतलं, यातलं धैर्य मोठं होतं. आणि ते तपासता आलं, कारण नाथांनी आपल्या कामावर तारीख घालून ठेवली होती.

राजवाडे मला गुरूसारखे वाटतात, पण त्यांच्या जगण्याचा आदर्श मी कोणासमोर ठेवणार नाही. 1910 साली भारत इतिहास संशोधक मंडळ त्यांच्याच पुढाकारानं उभं राहिलं. त्यांचं मंडळाशी पटलं नाही आणि 31 डिसेंबर 1926 रोजी ते धुळ्यात वारले. उपाशी राहून केलेल्या कामाच्या आपण आरत्या ओवाळतो आणि मग पुढच्या संपादकालाही उपाशी राहायला सांगतो. 'भाषेची सेवा आहे, पैशाचं काय घेऊन बसलात?' हे वाक्य मी एकाहून अधिक वेळा ऐकलंय, आणि दर वेळी ते बोलणाऱ्याचा पगार सुरू होता.

त्याच काळात दुसरी वाटही होती. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे हायस्कुलात संस्कृत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पटवर्धनांच्या दप्तरातली हजारो पत्रं वाचायचे. 1897 पासून त्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' खंडाखंडानं काढला. पगार शाळेचा आणि संपादन स्वतःचं. पुढची शंभर वर्षं मराठीतले बहुतेक चांगले संपादक याच वाटेनं गेले. यास्मिन शेख यांनी महाविद्यालयात अनेक वर्षं मराठी शिकवलं, 'मराठी शब्दलेखनकोश' केला आणि 'अंतर्नाद' मासिकाच्या व्याकरण-सल्लागार म्हणून काम पाहिलं.

तिसरी वाट अरुण फडक्यांची. त्यांनी शुद्धलेखन हाच पूर्णवेळ उद्योग केला. 'मराठी लेखन-कोश' रचला, कार्यशाळा घेतल्या, 'शुद्धलेखन तुमच्या खिशात' हे छोटं पुस्तक काढलं आणि पुढे तेच ॲप होऊन फोनमध्ये आलं. 2020 साली ते गेले. इतरांच्या मजकुरावर काम करताना जे ज्ञान साचतं, त्याची स्वतःची वस्तू करून ती विकता येते, हे त्यांनी दाखवलं. माझ्या पिढीच्या संपादकांना मी राजवाड्यांचं काम वाचायला सांगते आणि धंदा फडक्यांकडून शिकायला.

आजचं गणित

पाथरीत रेल्वे येत नाही, गाडी पकडायला मानवत रोड गाठावं लागतं. पूर्वी या कामासाठी मुंबई-पुण्यात राहणं भाग होतं, कारण छापखाना तिथे, प्रकाशक तिथे, प्रुफांचे गठ्ठे तिथे. आता जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर जगणाऱ्या गावात बसून ठाण्यातल्या लेखकाची कादंबरी नीट करता येते. हा बदल खरा आहे. मात्र वतन त्यातून आलेलं नाही, फक्त अंतर गेलंय.

म्हणून वतनाच्या जागी काय ठेवायचं, ते स्वतः ठरवावं लागतं. मी तीन गोष्टी ठेवते. पहिली, लेखी बोलणं. मुद्रितशोधन म्हणजे काय, भाषासंपादन म्हणजे काय आणि पुस्तकाची बांधणी बदलणं म्हणजे काय, हे आधीच वेगळं लिहायचं, कारण तिन्हींना लागणारा वेळ वेगळा आणि दरही वेगळा. सुरुवातीला एक तृतीयांश पैसे घेतल्याशिवाय फाइल उघडायची नाही. दुसरी, नोंद. काय बदललं, का बदललं, कुठे लेखकाला विचारलं, हे प्रत्येक कामात वेगळ्या पानावर ठेवायचं. म्हाइंभटांचा 'शोधु' मी असा वापरते. तिसरी, नाव. पुस्तकाच्या श्रेयपानावर संपादकाचं नाव हवं, ही अट घालायची. यात मिरवणं नाही. उद्या कोणाला माझं काम तपासायचं असेल, तर कोणाला धरायचं ते कळलं पाहिजे.

तरुण वाचक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. फोन आपोआप ऱ्हस्व-दीर्घ सुधारतो, चॅटबॉट पान पान लिहून देतो, मग संपादक कशाला? यावर नाथांच्या काळाकडे पाहा. ज्ञानेश्वरीच्या प्रती दुर्मीळ झाल्या म्हणून त्यांना काम करावं लागलं नाही. प्रती भरपूर होत्या आणि एकमेकींशी जुळत नव्हत्या, म्हणून करावं लागलं. मजकूर स्वस्त झाला की यातलं खरं कोणतं, मूळ कोणतं, घुसवलेलं कोणतं, हे सांगणाऱ्याची गरज वाढते. यंत्र 'सुत' आणि 'सूत' दोन्ही बरोबर लिहील. या पानावर सारथी आहे की मुलगा, हे कोणीतरी वाचून ठरवायचं असतं आणि ठरवल्यावर त्याखाली सही करायची असते. त्या सहीचे पैसे मिळाले पाहिजेत, हे आपण अजून मोठ्यानं म्हणायला शिकतो आहोत.

मामांच्या प्रश्नाला माझं उत्तर आता तयार आहे. पर्मनंट काही नाही. पाथरीचं कुलकर्णीपणही पर्मनंट निघालं नाही. सुलतान गेले, मोगल आले, निजाम आला, पोलीस ॲक्शन झाली आणि वतनं कायद्यानं संपली. ज्या वतनासाठी लढाई झाली, त्याची ओळ आज इतिहासाच्या पुस्तकात शोधावी लागते. तिकडे नदीच्या वरच्या अंगाला कोणीही न नेमलेल्या एका माणसानं एक पोथी नीट केली, खाली वर्ष घातलं आणि पुढच्यांना हात आवरायला सांगितलं. आजही पारायणाला बसलेला वारकरी शेवटी त्या पाच ओव्यांपाशी येतो, त्या म्हणतो, आणि मगच पोथी मिटतो.